लंगोटाची वानगी

शालिग्रामभाऊ लंगोट उन्हात धरून पाहायचे. सूर्याकडे पाठ करायची, दोन्ही हातांनी कापड ताणायचं, मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलती करायची, शेवटी नाक थोडं जवळ न्यायचं. हे सगळं झाल्यावर ओठ दुमडून, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात निकाल द्यायचा.

"रंग बरा आहे. ओलावा जास्ती. दाणा बारीक, एकसारखा नाही."

आतून अर्पिता म्हणायची, "बाबा, धुवा ना आता तो."

"पाहू तर दे."

"पाहून झाला ना. सकाळपासून तिसरा पाहून राह्यले तुम्ही."

मग ते नळाशी बसायचे. बसताना गुडघा वाजायचा आणि उठताना दोन्ही. लंगोटावरचा पिवळा डाग साबणानं फिका व्हायचा पण जायचा नाही. हळदीच्या हातानं कोणीतरी थाप मारून गेल्यासारखा तो तिथंच राहायचा. घासून घासून भाऊंचे खांदे उतरायचे. शेवटचा लंगोट पिळून होईतो आतून पुन्हा बाळाचा तो छोटासा, ओला, फटाका फुसका निघाल्यासारखा आवाज यायचा आणि अर्पिता म्हणायची, "बाबा." एवढंच. पुढचं सांगायची तिच्यात ताकद नव्हती आणि ऐकायची भाऊंच्यात नव्हती.

चिखलीच्या बाजार समितीत या माणसाचा हात प्रसिद्ध होता. एका अडत दुकानावर माल पाहायचं काम त्यांनी सगळा जन्म केलं. शेतकरी चांगला दाणा वर ठेवतो हे धरून चालायचं, कोपरापर्यंत हात ढिगात घालायचा, तळातून मूठ काढायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा. तो फुटण्याच्या आवाजावर भाऊ ओलावा सांगायचे. ओलावा मोजायचं मशीन आलं तेव्हा व्यापारी आधी मशीन पाहायचे आणि मग भाऊंचं तोंड, आणि दोघांत फरक पडला तर मशीन ठोकून बघायचे. कोरडा, टणक, एका रंगाचा दाणा म्हणजे माल. ओला, पातळ, हिरवट, कमी-जास्ती म्हणजे बाजूला. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं घर चाललं होतं. पुढे छातीत धूळ बसली, डॉक्टरांनी यार्डात जायचं बंद केलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी बायको, वच्छला गेली. घरात भाऊ उरले आणि त्यांचा हात उरला, आणि त्या हाताला पाहायला काही उरलं नाही.

अर्पिता ही एकुलती एक. दिली दुसरबीडला. जावई धवल, रस्त्यालगत मोटारपंपाच्या सामानाचं दुकान. मुलगा चांगला, आणि त्याची आई रुक्मिणीबाई म्हणजे दुकानाच्या शटरसारखी. वर गेली की सगळं खुलं, खाली आली की संपलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात तिनंच विषय काढला होता. सिंदखेडराजाकडची बोली, प्रत्येक वाक्य शेवटाला थोडं वर उचललेलं. "पहिलं बाळंतपण माहेरी करत्येत, ते मला बी माहीत हाय. पर तिकडं बाईमाणूस कोण हाय? करायचं कोणी?"

भाऊ ताटं उचलत होते. ते म्हणाले, "मी करतो."

कोपऱ्यात कोणीतरी पदरात तोंड घातलं. रुक्मिणीबाईनं भाऊंकडे बघितलं. भाऊंनी हातातल्या ताटाकडे बघितलं. आपण असं काय बोलून बसलो ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. वच्छला असती तर तिनं केलं असतं, म्हणून ते व्हायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

"करा," रुक्मिणीबाई म्हणाली. "सव्वा महिना तुमचा. पर लेकराच्या पोटाला कमीजास्त झालं ना भाऊ, तर मी गाडी घेऊन यीन. मग मी कोणाचं ऐकत नसते."

तेव्हापासून भाऊंच्या मानेवर ती गाडी उभी होती.

नात झाली. दवाखान्यातच पहिला लंगोट उघडला आणि भाऊंना घाम फुटला. काळंकुट्ट, चिकट, जीपच्या खालून निघतं तसं वंगण. पुसलं तरी निघेना. नर्स म्हणाली, "असंच असतं आजोबा, पोटातलं जुनं असतं, ते निघून गेलेलंच चांगलं." घरी आल्यावर त्याचा रंग हिरवा झाला. मग हिरव्याचा पिवळा. भाऊंनी आयुष्यात असा माल पाहिला नव्हता जो दर दिवशी वेगळ्या शेतातून आल्यासारखा दिसतो. पिवळ्यावर येऊन तो थांबला खरा, पण काय थांबला? पातळ, आणि त्यात मोहरीवानी बारीक बारीक दाणे. आणि सारखा. पोरगी प्यायली की लगेच, कधीकधी पिता पिता.

जावयानं डायपरचा भला मोठा गठ्ठा पाठवला होता. भाऊंनी एकदा वापरून पाहिला आणि गठ्ठा खाटेखाली सरकवला. "त्यात ओलावा समजत नाही," ते म्हणाले. "वरून कोरडं, आतून काय ते त्यालेच माहीत." वच्छलाच्या जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट त्यांनी स्वतः फाडून ठेवले होते. इतके धुतलेले की पाण्यात टाकल्यावर पाणी जसंच्या तसं राहायचं, रंगाचं नाव नाही.

रोज दुपारी, मालिकेत जाहिराती लागल्या की, रुक्मिणीबाईचा फोन यायचा. मागं टीव्हीतल्या सुनेचं रडणं ऐकू यायचं.

"कशी हाय पोरगी?"

"बरी आहे."

"शी कशी हाय?"

भाऊ खोटं बोलू शकत नव्हते. यार्डात खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या हंगामात दिसत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. "पातळ आहे."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "पातळ म्हंजी? पाणी?"

"पाणी नाही. दाणे आहेत."

"दाणे?"

"मोहरीवानी. पिवळे."

"कितींदा?"

"पेते तितींदा."

मग ते शटर हळूहळू खाली येऊ लागलं. "भाऊ, त्याला जुलाब म्हणत्येत. मी आठवड्याच्या बाजारापर्यंत बघते. नसलं थांबलं तर गाडी काढते."

भाऊंनी फोन ठेवला आणि ओसरीवर बसून राहिले. दोरीवर लंगोट वाळत होते, सगळ्यांच्या मधोमध तो पिवळा डाग. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू नये म्हणून त्यांनी दोरी त्या दिवशी मागच्या भिंतीला बांधली. तिथं ऊन कमी यायचं आणि कापड वाळायला दुप्पट वेळ लागायचा, म्हणजे त्यांचंच काम वाढलं.

सकाळी बाळाला तेल लावायला शेजारच्या कोकिळाबाई यायच्या. माहेर वरवट बकालचं, चिखलीत येऊन केस पिकले तरी जीभ तिकडचीच. बाळाला पायांवर पालथं घालून त्या तेलाचा हात फिरवायच्या आणि दर फेरीला एक नियम सांगायच्या.

"काय देऊन राह्यले हो भाऊ इले खायाले?"

"भाजी, वरण, भाकर."

"वरन? अवं माय. वरन लेकराच्या पोटात जाते त्या दुधातून. वरन बंद करा. भाजी बंद करा, भाजीनं हिरवं होते. आन् पानी किती पेते?"

"तांब्याभर," अर्पिता म्हणाली.

"तांब्याभर पानी पेशीन त लेकराले पानीच होईन ना वं पोरी. घोट घोट पे. भात-तूप खाय. आमी त तेच खाल्लं, आन् आमचे पोट्टे काय मरून राह्यले काय? एक त पोलिसात हाये."

पोलिसातल्या मुलाच्या नावावर हा नियम पक्का झाला. भाऊंनाही तो पटला, कारण तो त्यांच्या धंद्याच्या बाजूनं होता. माल ओला असेल तर पाणी तोडायचं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, इथं त्यांचं स्वतःचं डोकं चाललं. बाजार समितीत आवक फार झाली, यार्ड भरलं, की समिती काय करते? दोन दिवस खरेदी बंद ठेवते. पडलेला माल उचलला जातो, जागा होते, मग दार उघडतात. पोरगी दर वेळी पिते म्हणून दर वेळी निघतं. आवकच कमी केली तर पोटाला उसंत मिळेल.

"अर्पू, लगेच लगेच पाजू नको. रडली तरी थोडं थांब. पोटाले आराम पाह्यजे."

"दवाखान्यात तं म्हणे, मागंल तेव्हा पाजा."

"त्याहीले का हे लंगोट धुवा लागतात?"

एरवी अर्पिता वाद घालणारी पोरगी. कॉलेजात असताना वडिलांशी तुरीच्या भावावरून भांडायची. पण त्या दिवसांत तिचे डोळे कोणीतरी बाहेरून ओढून धरल्यासारखे उघडे असायचे. थांबायचं म्हणजे तेवढा वेळ डोळे मिटायला मिळतील, एवढंच तिच्या कानात शिरलं. ती म्हणाली, "बरं." आणि बसल्या जागी झोपली.

आणि खरंच फरक पडला. लंगोट कमी झाले. जे आले ते कोरडे. दोरी अर्धी रिकामी राहू लागली. पोरगी पहिल्या दिवशी खूप रडली, मग रडणंही कमी झालं. अंगावर लावली तरी दोन घोट घेऊन झोपायची. कोकिळाबाई म्हणाल्या, "पाहा बरं, कशी शहाणी झाली." भाऊंना दुपारी ओसरीवर डुलकी लागली. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ भिंतीला टेकली. फोन आला तेव्हा ते उठून बसले आणि यार्डातल्या जुन्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, माल सुधारला."

"खरंच का?"

"एकदम कोरडा."

"मग गाडी नको."

"नको."

संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरत होतं. अर्पिता दारात येऊन उभी राहिली. एका हातानं तिनं चौकट धरली होती.

"बाबा, सकाळपासून लंगोट बदललाच नाही मी."

"ओला नाही तं काय बदलते?"

"तेच तं सांगून राह्यले. ओलाच झाला नाही." ती थोडी थांबली. "आता झाला एक. पण तुम्ही पाहा."

तिनं पुढं केलेला लंगोट भाऊंनी घेतला. पाठ सूर्याकडे, कापड ताणलेलं, मान कलती. मधोमध एवढासा डाग होता, विटेच्या भुकटीसारखा लालसर. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कापडाचा रंग सुटला. पण ते लुगडं वच्छलाचं होतं, त्याच्यात सुटायला रंगच राहिला नव्हता. हा डाग कापडातून आला नव्हता.

ते आत गेले. पोरगी झोपली होती. भाऊंनी तिच्या खालच्या ओठाला करंगळी लावली. बोट ओलं झालं नाही.

हे मात्र त्यांच्या हाताला ओळखीचं होतं. सोयाबीन उन्हात जास्त दिवस राहिलं की त्याला हात लावताच टरफल सुटतं, दाणा मुठीतच दुभंगतो. ओल्या मालाला भाव कमी मिळतो, पण तो माल असतो. जास्त वाळलेला पेरला तर उगवत नाही. भाऊ उभे होते ते खाटेच्या काठावर बसले. मग लगेच उठले, कारण बसून चालण्यासारखं नव्हतं.

"चाल, दवाखान्यात."

"आता?"

"आत्ता."

निघताना त्यांनी कोनाड्यातून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, ज्यांत ते पूर्वी व्यापाऱ्यांकडे धान्याची वानगी न्यायचे. एकीत तो लालसर डागाचा लंगोट घातला. दुसरीत एक जुना, धुऊनही पिवळा राहिलेला. ऑटोत अर्पिता म्हणाली, "बाबा, हे कशाला?" भाऊ म्हणाले, "तोंडी सांगून भाव होत नाही."

लहान मुलांच्या डॉक्टर हिमानी दिवसभर रडणारी मुलं ऐकून एका हातानं कपाळ दाबत बसल्या होत्या. बोलायच्या पुण्याकडचं, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. भाऊंनी दोन्ही पिशव्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"काका, हे काय?"

"वानगी. हा आधीचा, हा आजचा."

बाकी कोणी असतं तर नाक मुरडलं असतं. डॉक्टरांनी पिशव्या उघडल्या, पाहिल्या, बंद केल्या. मग बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, टाळूवरून बोट फिरवलं, तोंडात पाहिलं. काट्यावरचा आकडा त्यांनी पुन्हा एकदा पाहिला.

"अर्पिता, आज काय जेवलीस?"

"भात."

"आणि?"

"तूप."

"पाणी?"

अर्पितानं वडिलांकडे बघितलं. भाऊंनी पिशव्यांकडे बघितलं.

"पाजतेस किती वेळानं?"

यावेळी भाऊच बोलले. आवक, यार्ड, खरेदी बंद, सगळं सांगितलं. ओलावा तोडला ते सांगितलं. भाऊंचं संपल्यावर डॉक्टरांनी अर्पिताला पडद्यामागे बसवलं, नर्सला पाण्याचा जग आणायला सांगितला आणि म्हणाल्या, "आधी पाज. झोपली तर तळपायाला गुदगुल्या कर, पण पाज. वेळ लागला तरी चालेल, मी आहे."

मग त्या भाऊंकडे वळल्या आणि पिवळ्या डागाची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली.

"काका, अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अशीच हवी. पिवळी, पातळ, मोहरीसारखे दाणे असलेली. पहिल्या महिन्यात दर पिण्यानंतर झाली तरी चालते. एखादी हिरवट झाली आणि बाळ मजेत पीत असेल, तरी चालते. हे जुलाब नव्हते."

"मंग जुलाब कसे असतात?"

"नुसतं पाणी. नेहमीपेक्षा एकाएकी खूप जास्त. ताप, किंवा पिणं सोडलं. तेव्हा यायचं. रक्त दिसलं, खडूसारखी पांढरी झाली, किंवा आता पुन्हा पहिल्यासारखी काळी झाली, तरी लगेच यायचं." त्यांनी दुसरी पिशवी सरकवली. "आणि हा. असाच तुम्हाला बरा वाटत होता, नाही का? कोरडा. हिला दूध पुरत नव्हतं म्हणून हा कोरडा होता, आणि हा लाल डाग घट्ट झालेल्या शूचा आहे. तुम्ही शी पाहत होतात, शू पाहायची होती. दिवसाला सहा-सात लंगोट चांगले जड, ओले झाले पाहिजेत. तेवढे झाले की समजायचं, पोटात जातंय."

भाऊ त्या दोन पिशव्यांकडे बघत राहिले. उभ्या जन्मात त्यांनी चांगला माल बाजूला काढून खराब घेतला नव्हता. घेतला तो या वयात, आणि तोही घरातला.

"आणि अजून एक आताच सांगते," डॉक्टर म्हणाल्या, "नाहीतर महिन्या-दीड महिन्यानं परत पिशवी घेऊन याल. तेव्हा कदाचित चार-चार दिवस शी होणारच नाही. बाळ पीत असेल, शू होत असेल, पोट मऊ असेल, तर घाबरायचं नाही."

"म्हणजे रंग-ढंग पुन्हा बदलणार."

"बदलणार."

"आन् मले लंगोट कमी."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "शूचे नाही कमी होणार, काका."

पडद्यामागून बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. मग घुटक, घुटक असा आवाज सुरू झाला. भाऊ खुर्चीच्या काठावर बसून तो ऐकत राहिले. नर्सनं चहा आणून दिला तो त्यांच्या हातातच थंड झाला.

घरी आल्यावर त्यांनी वरण लावलं, मेथी निवडली, भाकरी टाकल्या आणि तांब्या भरून अर्पिताच्या उशाशी ठेवला. सकाळी कोकिळाबाई दारातूनच वासावर आल्या.

"वरन? भाऊ, काऊन?"

"डॉक्टरीनबाईनं सगळं खायाले सांगतलं."

"डाक्टरीनले लेकरं हायेत का?"

"नाही इचारलं."

"इचाराले पाह्यजे होतं. मंग लेकराले सर्दी झाली त मले आवाज देऊ नोका." त्या तशाच फणकाऱ्यात घरी गेल्या आणि दुपारी मुलाच्या हाती वाटीभर दोडक्याची भाजी पाठवली. भाजीबरोबर निरोप होता, तिखट कमी टाकलं आहे.

लंगोट परत सुरू झाले. आधी जड, ओले. मग पिवळे. मग सगळे मिळून. दोरी भरली, दुसरी बांधावी लागली. भाऊंचा गुडघा आता बसताना न वाजता कुरकुरायचा, बोटांची टोकं साबणानं पांढरी सुरकुतलेली. नळाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा, पाणी बादलीबाहेर वाहायचं आणि शेजारचं कोणीतरी ओरडायचं. डॉक्टरांनी परत वजन करायला बोलावलं तेव्हा काटा पुढं सरकला होता. तो पाहून भाऊ बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि अर्पिता हलवेपर्यंत तिथंच झोपले.

गाडी नको म्हटल्यापासून विहिणीचा रोजचा फोन बंद होता, तो त्या दुपारी आला. "अजून कोरडंच हाय ना?"

भाऊंना 'हाव' म्हणता आलं असतं. गाडी दुसरबीडलाच राहिली असती. त्यांनी ओसरीच्या खांबाला डोकं टेकवलं.

"विहीणबाई, माल सुधारला नव्हता. मीच बिघडवला होता." आणि सगळं सांगितलं. भात-तूप, घोट घोट पाणी, पाजणं लांबवलं ते, विटेच्या रंगाचा डाग. पलीकडे टीव्ही बंद झाला. शेवटी फोनच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओसरीवर यायच्या आत गाडी दारात होती. ड्रायव्हर तिथंच, इंजिन सुरू. रुक्मिणीबाई चपला काढून सरळ आत गेली, डबा खाली ठेवला, बाळाला उचललं, उजेडात आणलं, गाल दाबले, पाय ओढून पाहिले. पोरीनं तिच्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, लाल झाली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा तो आवाज केला.

रुक्मिणीबाईनं मांडीवरच लंगोट सोडला. पिवळं, पातळ, मोहरीवानी दाणे.

"ह्येच का ते?"

"हेच," भाऊ म्हणाले. ते नळावरून तसेच उठून आले होते, खांद्यावर पिळलेला लंगोट. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"आन् ह्ये चांगलं म्हणत्येत?"

"हाव."

तिनं लंगोट दुमडून बाजूला ठेवला. "धवलचं बी असंच व्हतं. माझ्या सासूनं मला नुसत्या भातावर ठिवलं व्हतं. मला तर चक्कर यायची उठताना. मला वाटायचं बाळंतपणात अशीच येती." मग तिनं स्वतःला सावरलं. "ते जाऊ द्या. अर्पिता, आवर. गाडी उभी हाय."

अर्पिता खाटेवर बसली होती. पुढ्यात भाकरीचं ताट, ते तिनं सोडलं नाही. "मी नाही येत, आई."

"आसं कसं? तुझ्या बापानं लेकराला उपाशी ठिवलं म्हणून त्येच सांगायलेत."

"त्याहीनंच सांगितलं ना. अन् मीही ऐकलंच ना. पण तो डाग पाहून दवाखान्यात त्याहीनंच नेलं. तुमच्याकडं मी येईन, पण लंगोट उन्हात धरून कोण पाहील? धवल?"

रुक्मिणीबाईच्या तोंडावर एकदम हसू आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं. धवलनं आजवर स्वतःचं ताट उचललं नव्हतं, हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. "त्यो नाही पाहायचा," ती म्हणाली.

"मंग."

"मग ह्यांना विचारू. काय हो भाऊ, सव्वा महिना निभंल का तुमच्यानं?"

दोघींनी वळून भाऊंकडे बघितलं. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड थोडं उघडं, खांद्यावरच्या लंगोटाचं पाणी सदऱ्यात मुरत होतं. त्यांच्या घराच्या अब्रूचा हा सगळा निवाडा ते झोपेत ऐकत होते, किंवा ऐकत नव्हते.

रुक्मिणीबाई दारात गेली. "जा रे गाडी घेऊन. सव्वा महिना भरला की फोन करते." ड्रायव्हर म्हणाला, "अन् तुम्ही?" ती म्हणाली, "मी काय हितं फुलं तोडायला आले का? लंगोट किती पडलेत बघ."

डब्यातले डिंकाचे लाडू तिनं अर्पितापुढे ठेवले. मग भाऊंच्या खांद्यावरचा लंगोट हळूच उचलला, बाळाचा ताजा घेतला आणि अंगणात गेली. मागच्या भिंतीची दोरी सोडून तिनं पुढच्या उन्हात बांधली, रस्त्यावरून दिसेल अशी. नळ सोडायच्या आधी, कोणी बघत नाही असं पाहून, तिनं ताजा लंगोट दोन्ही हातांनी ताणला आणि उजेडाकडे धरला.

ओसरीवरून झोपेतला, घोगरा आवाज आला. "ओलावा?"

"लय हाय," रुक्मिणीबाई म्हणाली. "झोपा."